घरच्या कॉकपिटमधले दुर्लक्षित चाक

जुहूच्या धावपट्टीवरून पश्चिमेकडे उड्डाण केले की काही क्षणांतच खाली अरबी समुद्र पसरतो. वारा शांत, आकाश निरभ्र, समोर क्षितिजाची स्वच्छ रेषा. अर्थात हे सारे संगणकाच्या पडद्यावर. विमान सेसना १७२, उंची दोन हजार फूट आणि काम अगदी साधे : याच उंचीवर सरळ जात राहायचे. पण नवख्या हौशी वैमानिकाला नेमके तेच जमत नाही. जॉयस्टिक किंचित पुढे ढकलली की उंचीदर्शकाचा काटा अठराशेवर येतो, सोडली की बावीसशेवर जातो. दहा मिनिटांत मनगट अवघडते आणि अर्ध्या तासात उत्साह मावळतो. मग बहुतेक जण एकतर ऑटोपायलटचे बटण दाबतात किंवा दोष जॉयस्टिकला देऊन नवी, महागडी जॉयस्टिक घेण्याच्या मागे लागतात. पडद्यावरच्या कॉकपिटमध्ये दोन्ही आसनांच्या मध्ये, थ्रॉटलच्या खाली एक छोटे उभे चाक असते. त्याला मात्र कोणी हात लावलेला नसतो.

हे ट्रिमचे चाक. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली बाजारात आला. ब्रुस आर्टविक यांनी रचलेल्या त्या कार्यक्रमानंतर घरबसल्या विमान उडविण्याच्या छंदाने मोठा पल्ला गाठला. एक्स-प्लेन आला, कोणालाही फुकट उतरवून घेता येणारा फ्लाइटगिअर आला, मायक्रोसॉफ्टच्या २०२० व २०२४ च्या आवृत्त्यांत तर जवळजवळ सारी पृथ्वी पडद्यावर उतरली. ढग, पाऊस, डोंगरकडे, शहरांतील दिवे यांची नक्कल थक्क करणारी आहे. ट्रिमच्या बाबतीत मात्र घरचा सिम्युलेटर एक गोष्ट देऊ शकत नाही आणि ती कोणती, हे कळले की हा सारा घोळ उलगडतो.

तराजूचा पासंग

विमानाच्या शेपटीला एक आडवा पंख असतो. त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर वर-खाली हलणारी फळी असते. तिला एलेव्हेटर म्हणतात. वैमानिकाने हातातला दांडा मागे ओढला की ही फळी वर उठते, शेपूट खाली दबते आणि विमानाचे नाक वर जाते. दांडा पुढे ढकलला की याच्या उलट. नाकाच्या या वर-खाली होण्याला वैमानिक ‘पिच’ म्हणतात.

प्रश्न उद्भवतो तो वेळेचा. विमानाचा वेग बदलला, इंजिनाची शक्ती कमी-जास्त झाली, मागच्या आसनांवर दोन माणसे बसली किंवा उतरण्यासाठी पंखांचे फ्लॅप खाली सोडले की नाक आपल्या जागी राहत नाही. ते जागेवर ठेवण्यासाठी दांडा सतत ओढून वा ढकलून धरावा लागतो. दोन मिनिटे हे ठीक. दोन तास कोण धरणार? म्हणून एलेव्हेटरच्या मागच्या कडेला आणखी एक चिमुकली पट्टी बसवलेली असते. सेसना १७२ मध्ये ती उजव्या बाजूच्या एलेव्हेटरवर दिसते. ट्रिमचे चाक फिरवले की ही पट्टी हलते, तीही एलेव्हेटरच्या उलट दिशेला. पट्टी खाली वळली की वाऱ्याचा झोत तिला वर रेटतो आणि तिच्याबरोबर संपूर्ण एलेव्हेटर वर उचलला जाऊन तेथेच तरंगत राहतो. जे काम वैमानिकाचा दंड करत होता, ते वारा करू लागतो.

जुन्या बाजारपेठेतला तराजू ज्यांनी पाहिला आहे त्यांना पासंग ठाऊक असेल. पासंगाने माल तोलत नाहीत. दोन्ही पारडी समतोल व्हावीत म्हणून हलक्या बाजूला तो लावतात आणि मग वजन-मापे घेतात. ट्रिमचे नातेही असेच आहे. विमान वळवायचे, चढवायचे, उतरवायचे ते दांड्याने आणि थ्रॉटलने. ट्रिमने फक्त हातावरचा भार काढायचा. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. विमान खाली जाऊ लागले म्हणून ते ट्रिमचे चाक मागे फिरवतात, वर जाऊ लागले म्हणून पुढे. म्हणजे पासंगानेच धान्य मोजायचा प्रकार! विमान झोके घेऊ लागते आणि प्रत्येक झोक्यामागे चाक धावत राहते.

झोके का येतात?

या झोक्यांना शास्त्रीय नाव आहे. इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ साली त्यांना ‘फ्यूगॉइड’ म्हटले. उड्डाण या अर्थाचा ग्रीक शब्द शोधताना त्यांनी पळून जाणे या अर्थाचा शब्द उचलला, ही त्यातली गंमत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने हा घोटाळा झाला आणि चुकीचे नाव शंभरहून अधिक वर्षे टिकून आहे. नाक वर गेले की वेग घटतो, वेग घटला की नाक खाली येते, खाली आले की वेग वाढतो आणि नाक पुन्हा वर. १०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाचा असा एक झोका पुरा व्हायला साधारण वीस ते पंचवीस सेकंद लागतात. विमानाला आपल्या वाटेने जाऊ दिले तर झोके हळूहळू विरतात. मध्येच चाक फिरवणारा मात्र त्यांना नकळत खतपाणी घालत असतो.

यातूनच ट्रिमचे खरे काम लक्षात येते. ट्रिमने उंची पक्की होत नाही. पक्का होतो तो वेग. दोन हजार फुटांवर १०० नॉटला नीट ट्रिम केलेल्या सेसनाचे थ्रॉटल थोडे मागे घ्यावे आणि दांड्याला हात लावू नये. नाक आपोआप खाली झुकते, एक-दोन झोके येतात आणि विमान जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने सावकाश उतरू लागते. थ्रॉटल वाढवले तर त्याच वेगाच्या आसपास राहून चढू लागते. हा प्रयोग घरच्या सिम्युलेटरवर पाच मिनिटांत करता येतो. थ्रॉटल हे केवळ वेगाचे साधन आणि दांडा हे केवळ उंचीचे, असा मोटारीच्या सवयीतून आलेला समज दूर व्हायला दहा पाने वाचण्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

जॉयस्टिकची अडचण

खऱ्या सेसनामध्ये वैमानिक ट्रिम करतो ते डोळ्यांनी नव्हे, हाताने. दांडा हव्या त्या जागी धरून ठेवायचा आणि हाताला लागणारा ताण नाहीसा होईपर्यंत चाक फिरवायचे. ताण संपला की काम संपले. दांडा कोठे आहे, याला महत्त्व नाही. तो जिथे धरला होता तिथेच राहतो, कारण ट्रिमने त्याची विसाव्याची जागाच सरकवलेली असते.

घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते आणि ती नेहमी मधोमधच येऊ पाहते. विमानाचा वेग साठ नॉट असो की एकशे वीस, स्प्रिंगचा जोर तोच. वारा, वेग, भार यांची तिला खबर नसते. त्यामुळे जो ताण नाहीसा करायचा, तो ताण मुळात हाताला जाणवतच नाही आणि विसाव्याची जागाही सरकत नाही. परिणामी खऱ्या विमानाची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. जॉयस्टिक पुढे दाबून धरली आहे आणि नाक खाली आणणारा ट्रिम दिला, तर खऱ्या विमानात फक्त हात हलका होईल. सिम्युलेटरमध्ये मात्र जॉयस्टिकचा दाब आणि ट्रिम या दोहोंची बेरीज होते आणि नाक धाडकन खाली जाते. म्हणूनच ट्रिम देत असताना त्याच प्रमाणात जॉयस्टिक हळूहळू मध्यावर सोडत आणावी लागते. डावा हात देईल तेवढे उजव्या हाताने परत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. अनेक हौशी मंडळी वर्षानुवर्षे सिम्युलेटर चालवूनही ही गोष्ट ओळखत नाहीत आणि ट्रिम ‘बिघडलेला’ आहे असे समजतात.

वैमानिकाच्या हाताला खराखुरा जोर देणाऱ्या मोटारयुक्त जॉयस्टिक नाहीत असे नाही. मायक्रोसॉफ्टने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात साइडवाइंडर मालिकेत तशी जॉयस्टिक आणली होती आणि अलीकडच्या काळात काही उत्पादकांनी ती कल्पना पुन्हा उचलली आहे. पण त्यांच्या किमती पाहता सामान्य घरात स्प्रिंगचीच जॉयस्टिक राहणार, हे उघड आहे.

आधी नाक, मग शक्ती, शेवटी ट्रिम

प्रशिक्षणात वैमानिकाला जो क्रम शिकवला जातो तोच घरीही पाळावा. चढण संपवून दोन हजार फुटांवर सरळ व्हायचे आहे असे समजू. चढताना सेसना १७२ चा वेग साधारण ७५ नॉट असतो. उंची गाठण्याच्या थोडे आधी नाक सावकाश खाली आणून क्षितिजाशी जुळवावे आणि जॉयस्टिकने तेथे धरून ठेवावे. थ्रॉटल लगेच कमी करू नये. विमानाला वेग घेऊ द्यावा. वेग शंभराच्या पुढे गेला की इंजिनाचे फेरे २,३०० च्या आसपास आणावेत आणि वेग एका आकड्यावर स्थिरावण्याची वाट पाहावी. हे वाट पाहणेच सर्वांत कठीण. वेग बदलत असतानाच ट्रिम केला तर तो केलेला ट्रिम अर्ध्या मिनिटात निरुपयोगी ठरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वेग स्थिरावल्यावर ट्रिमकडे वळावे. जॉयस्टिक पुढे दाबून धरावी लागत असेल तर चाक पुढे, म्हणजे नाक खालच्या दिशेला. मागे ओढून धरावी लागत असेल तर चाक मागे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कळफलकाच्या उजवीकडील अंकपट्टीवरची ७ ही कळ नाक खाली आणते आणि १ ही कळ नाक वर नेते. सुरुवातीला हे उलटे वाटते. पण चाकाची वरची कड पुढे जाते ती ७ कडे आणि मागे येते ती १ कडे, असे डोळ्यांसमोर आणले की विसर पडत नाही. कळ दाबून धरू नये. एकदा टिचकी, जॉयस्टिक किंचित सैल, क्षितिजाकडे नजर, पुन्हा टिचकी. जॉयस्टिक मध्यावर आली आणि नाक हलले नाही की बोटे दोन-तीन सेकंद पूर्ण उचलून पाहावीत. नाक सरकले तर ते आधी जॉयस्टिकने जागेवर आणावे आणि मगच उरलेली टिचकी द्यावी.

नजर कोठे ठेवायची, हाही प्रश्न आहे. घरच्या पडद्यावर उपकरणे मोठी आणि बाहेरचे दृश्य लहान असते, त्यामुळे डोळे चढ-उतार दाखवणाऱ्या काट्याला चिकटतात. हा काटा प्रत्यक्षापेक्षा थोडा मागून धावतो. तो शून्यावर आणण्याच्या नादात ट्रिम नेहमी गरजेपेक्षा जास्त दिला जातो. क्षितिजाची रेषा इंजिनाच्या झाकणापासून किती वर आहे, हे पाहणे केव्हाही बरे. सिम्युलेटरवर भरपूर तास घालवून मग प्रत्यक्ष प्रशिक्षणाला जाणाऱ्यांची नजर कॉकपिटच्या आतच अडकते, अशी प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार असते.

उपकरणांच्या जोडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ट्रिमच्या दोन्ही कळा जॉयस्टिकवरच्या अंगठ्याखालील बटणांना जोडून घेतल्या की निम्मा त्रास वाचतो. स्वतंत्र ट्रिम-चाकही मिळते. ते जोडल्यावर जुनी बटणे काढून टाकली नाहीत तर दोन साधने एकमेकांशी भांडतात आणि ट्रिम आपोआप उडी मारताना दिसतो. २०२०च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीत नवख्यांच्या मदतीच्या सोयींमध्ये स्वयंचलित ट्रिमचाही पर्याय आहे. शिकायचे असेल तर तो बंद आहे ना, हे आधी पाहावे.

एअरबसवाल्यांची सुटका

सेसनात कंटाळलेले अनेक जण थेट एअरबस ए-३२० कडे वळतात आणि ते विमान ‘सोपे’ असल्याचा निर्वाळा देतात. तो खरा आहे. नेहमीच्या उड्डाणात ए-३२० चे संगणक स्वतःच ट्रिम करतात. मधली मोठी चाके आपोआप फिरत राहतात. शिवाय एअरबसचा बाजूला बसवलेला दांडा खऱ्या विमानातही स्प्रिंगचाच असतो आणि सोडला की मध्यावर येतो. घरची साधी जॉयस्टिक एअरबसशी अधिक प्रामाणिक आणि सेसनाशी कमी, असा हा उलटा न्याय आहे. मात्र एअरबसवरच सारे तास घालवलेला हौशी वैमानिक बोइंग ७३७ मध्ये बसला की त्याची पंचाईत होते.

बोइंग ७३७ मध्ये छोटी पट्टी नसते. शेपटीचा संपूर्ण आडवा पंखच एका लांब स्क्रूच्या साह्याने वर-खाली झुकतो. दांड्यावर अंगठ्याखाली विजेच्या ट्रिमची जोडबटणे असतात. मध्यभागी पांढऱ्या पट्ट्याची दोन मोठी चाके खडखड करत फिरतात, वीज तोडणारे स्विच असतात आणि गरज पडल्यास चाकाची दुमडलेली मूठ बाहेर काढून ते हाताने फिरवता येते. इतका मोठा पंख हलणार म्हणजे त्याची ताकदही मोठी. ती चुकीच्या दिशेने लागली तर काय होते, हे जगाने पाहिले आहे.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे ७३७ मॅक्स विमान जाकार्ताहून निघाल्यावर काही मिनिटांतच जावाच्या समुद्रात कोसळले आणि १८९ जण मृत्युमुखी पडले. विमानाच्या नाकाजवळील एका संवेदकाने चुकीचे मोजमाप दिले होते. त्यावर विसंबून एमकॅस ही स्वयंचलित यंत्रणा शेपटीचा पंख पुन:पुन्हा नाक खाली नेण्याच्या दिशेने फिरवत राहिली. कॅप्टनने, ते भारतीय होते, अंगठ्याखालच्या बटणांनी वीसहून अधिक वेळा ट्रिम परत आणला. नंतर विमान सहवैमानिकाच्या हाती गेले. त्याच्याकडून दिला गेलेला उलटा ट्रिम अपुरा पडला आणि दांडा दोन्ही हातांनी ओढूनही पेलेनासा झाला. याच विमानात आदल्या दिवशी बालीहून येतानाही हाच बिघाड झाला होता. त्या फेरीतील वैमानिकांनी वीज तोडणारे स्विच बंद केले, चाक हाताने फिरवत राहिले आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरवले.

१० मार्च २०१९ रोजी अदिस अबाबाहून नैरोबीकडे निघालेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीही तेच स्विच बंद केले. परंतु इंजिनांची शक्ती उड्डाणाच्याच पातळीवर राहिली होती आणि वेग मर्यादेपलीकडे गेला होता. त्या वेगाला शेपटीच्या पंखावर हवेचा इतका दाब असतो की हाताचे चाक हलेना. त्या अपघातात १५७ जण गेले. जगभर मॅक्स विमाने जमिनीवर आणण्यात आली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

घरच्या सेसनावरचा एक कसोटीचा प्रसंग

मोठ्या विमानांचे राहू द्या. साध्या सेसनातही ट्रिम घात करू शकतो आणि त्याचा सराव घरी करता येतो. उतरण्यासाठी फ्लॅप पूर्ण सोडून ६५ नॉटला विमान नीट ट्रिम करावे. या वेळी ट्रिमचे चाक बरेच मागे फिरलेले असते. तीन हजार फुटांवरच, धावपट्टीवर अडथळा आला आहे अशी कल्पना करून थ्रॉटल एकदम पूर्ण पुढे ढकलावे. नाक झपाट्याने वर उसळते. ते तेथेच सोडले तर वेग गळून पडतो, पंखांवरची हवा तुटते आणि विमान स्टॉल होते. जमिनीपासून दोनशे फुटांवर हे घडले तर सावरायला जागा नसते. वैमानिकांच्या प्रशिक्षणात हा प्रसंग मुद्दाम सुरक्षित उंचीवर दाखवला जातो. अशा वेळी आधी दांडा ठामपणे पुढे दाबून नाक क्षितिजाजवळ आणायचे, फ्लॅप टप्प्याटप्प्याने उचलायचे आणि मग ट्रिम. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमधील नागोया येथे चायना एअरलाइन्सच्या एअरबस ए-३०० ला झालेल्या अपघाताच्या मुळाशीही पुन्हा वर जाण्याच्या वेळचा असाच ट्रिम होता. वैमानिक दांडा पुढे दाबत होते आणि चालू राहिलेला ऑटोपायलट शेपटीचा पंख उलट दिशेला फिरवत होता. त्यात २६४ जणांचा बळी गेला.

घरच्या जॉयस्टिकवर हा सराव करताना नाक उसळते ते दिसते. त्याला दाबून धरायला हातात किती बळ लागते, ते मात्र कळत नाही. आणि ही उणीव केवळ घरगुती खेळण्यांचीच नाही. मॅक्स विमानाच्या प्रशिक्षणासाठी वैमानिकांना ज्या कोट्यवधींच्या सिम्युलेटरमध्ये बसवले जात होते, त्यांच्या संगणक-प्रणालीत त्रुटी असल्याचे बोइंगने मे २०१९ मध्ये मान्य केले. हाताने फिरवायच्या चाकावर वाढत्या वेगाबरोबर येणारा जोर त्यात यथार्थपणे उमटत नव्हता. तो नंतर दुरुस्त करण्यात आला. घरच्या कळफलकावरच्या ७ आणि १ या कळा मात्र कोणत्याही वेगाला सारख्याच हलकेपणाने दाबल्या जातात.